दीवला जाताय? मग नागोआला राहू नका

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारातलं, सीकेपी, त्यामुळे ताटात मासळी नसेल तर मला सुट्टी लागल्यासारखीच वाटत नाही. सासर देशस्थांचं. नवऱ्याला कांदा-लसूण चालतो, पण कोळंबीचा वास आला की तो उठून खिडकी उघडतो. सासूबाई तर केकमध्ये अंडं आहे का हे बेकरीवाल्याला दोनदा विचारून घेतात. असं हे बिऱ्हाड घेऊन मी अठरा वर्षांत सात वेळा दीवला गेले आहे आणि भांडण न होता परत आले आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईचे नातेवाईक आता थेट मलाच फोन करतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "दीव म्हणजे छोटं गोवाच ना गं?"

नाही. पोर्तुगीज दोन्हीकडे होते, दोन्ही एकाच दिवशी, १९ डिसेंबर १९६१ला सुटली, १९८७पर्यंत कारभारही एकत्र होता, हे सगळं खरं. पण दीव सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला खाडीने वेगळं केलेलं अकरा-बारा किलोमीटर लांबीचं बेट आहे. बोली गुजराती, सकाळचा नाश्ता गाठिया, समुद्रावर जाणारे खारवा आणि कोळी. शाकुती नि फेणीच्या आशेने आलेला माणूस दुसऱ्या दिवशी तोंड पाडून बसतो. काठियावाडला आलोय आणि समुद्र फुकटात मिळालाय, असं समजून या.

केव्हा जायचं, हे आधी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, पण दिवाळीच्या पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत चुकूनही नको. त्या चार-पाच दिवसांत गुजरातेत दुकानं बंद असतात आणि अख्खा गुजरात फिरायला निघालेला असतो. मुंबईच्या लोकांना दुसरा सापळा माहीत नसतो, तो म्हणजे सातम-आठम. श्रावणात जन्माष्टमीला लागून सौराष्ट्रात मोठी सुट्टी असते. शीतळा सातमला घराघरात चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं थंड खातात, आणि मग गाड्या भरभरून लोक दीवला उतरतात. तेव्हा समुद्रही खवळलेला असतो, खोल्यांचे भावही. एरवी सोमवार ते गुरुवार धरा. शनिवारी दुपारनंतर राजकोट-जुनागढकडच्या गाड्यांची रांग का लागते, ते पुढे सांगते.

जायचं कसं? आम्ही बडोद्याहून रात्रीच्या गाडीने वेरावळ गाठतो. मुंबईकरांना वांद्र्याहून वेरावळला थेट गाडी आहे. सोमनाथ वेरावळला लागूनच आहे, त्यामुळे सासूबाईंचं दर्शन सकाळीच होतं आणि पुढचे तीन दिवस त्या कशालाही हरकत घेत नाहीत. तिथून दीव साधारण ९० किलोमीटर. वाटेत ऊना लागतं, तिथे शहाळं प्या. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांसाठी भावनगर–महुवा–राजुला–ऊना हा रस्ता.

इथे एक इशारा. सुरतजवळच्या हजिऱ्याहून गाडीसकट नेणारी फेरीबोट आहे, ती *घोघा*ला लागते. दीवच्या तोंडाशी आहे ते *घोघला*. एका अक्षराचा फरक! माझ्या नागपूरच्या मावसभावाने फेरीचं बुकिंग केलं, घोघ्याला उतरला आणि मला फोन करून विचारलं, "ताई, दीवचा किल्ला कुठून दिसतो?" म्हटलं, अजून जवळजवळ २०० किलोमीटर गाडी चालव, मग दिसेल. फेरी वाईट नाही, तापी ते खंबायतचं आखात असा मोठा वळसा वाचतो. फक्त पुढे अर्धा दिवस रस्त्याचा आहे हे धरून चाला.

त्या रस्त्यावर राजुल्याच्या पुढे जाफराबादचा फाटा लागतो. आपल्याकडे येणाऱ्या सुक्या बोंबलांचं हे मोठं माहेर. वाऱ्याची दिशा बरोबर असेल तर फाटा पाटी न वाचताच कळतो. गंमत म्हणजे हे जाफराबाद जंजिऱ्याच्या सिद्दींच्या ताब्यात होतं. मुरूडच्या नवाबाचं एक गाव इतक्या लांब काठियावाडात, ही गोष्ट मी नवऱ्याला प्रत्येक वेळी सांगते आणि तो प्रत्येक वेळी खिडकी वर करतो.

आता मथळ्यातली गोष्ट. इंटरनेटवर खोली शोधायला बसलात की पहिल्यांदा नागोआ येतं. अर्धचंद्राकार किनारा, झाडं, फोटो झकास. पण तिथे संध्याकाळ झाली की गाडीची दारं उघडी टाकून गाणी सुरू होतात, दिवसभर जेट-स्कीचा आवाज, आणि किनाऱ्यावर फुटलेल्या बाटल्यांवर पाय पडू नये म्हणून चपला घालून चालायचं. नागोआ बघा, सकाळी सातला बघा, नऊच्या आत निघा. राहायला मात्र दीव गावात, बंदर चौक ते किल्ला या पट्ट्यात कुठेही. खोली साधी असेल, पण बाजार, बोटी, चर्च, किल्ला सगळं पायी. सासूबाईंचे गुडघे हे माझं मोजमाप आहे. रिक्षा न करता त्यांना जिथवर जाता येतं, ते ठिकाण राहायला योग्य. लहान मुलं असतील आणि त्यांना पाण्यातच डुंबायचं असेल तर खाडीपलीकडचं घोघला. तिथला किनारा लांबलचक, उताराचा, नागोआपेक्षा स्वच्छ. २०२०मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्यांना देतात ते मानांकन, मिळालं.

गावात राहण्याचं खरं कारण सकाळ. साडेसहाला खोलीतून बाहेर पडा. बंदरावर बोटी लागलेल्या असतात आणि समोर पाण्यात पाणीकोठा उभा असतो. दगडी जहाज नांगरून ठेवल्यासारखा तो छोटा दुर्ग पोर्तुगीजांनी पहाऱ्याला बांधला, पुढे तुरुंग म्हणून वापरला. बोट त्याला फेरी मारून आणते. सकाळी फक्त लांबून बघा आणि चहा घ्या, फेरीला संध्याकाळी जा, ऊन मागून पडतं तेव्हा.

चहानंतर गाठिया. बेसनाचे लांब वणलेले गाठिया कढईतून उतरताना घ्यायचे, सोबत कच्च्या पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या, आणि हवी तर जिलबी. टोपलीतले थंड गाठिया घेऊ नका. कढईजवळ उभं राहायचं नि म्हणायचं, "गरम उतरे त्यारे आपजो." दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. इथे कारागीर बदलला की चव बदलते, आणि मागच्या खेपेला जिथे मी सर्वांना पाठवलं तिथे यंदा मोबाइलची कव्हरं विकायला होती. जिथे स्थानिक रिक्षावाले उभ्याने खात असतील तिथे खा.

मासळीचं सविस्तर सांगते, कारण यात लोक हमखास फसतात. हॉटेलच्या मेनूकार्डावर पापलेट, सुरमई, झिंगा, लॉबस्टर सगळं असतं, आणि मासा ताजाही असतो. पण त्यावर लालभडक मसाल्याचा लेप देऊन तो इतका तळतात की खाली पापलेट आहे की पनीर हे कळू नये. त्यापेक्षा मासळी स्वतः विकत घ्या आणि करून घ्या. जेठीबाई बस स्टँडसमोर मासळी बाजार भरतो. लवकर जा. पापलेटचा कल्ला दाबून बघा, पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर पुढच्या मासीकडे वळा. (इथे कोळणीला 'मासी' म्हणायचं. गुजरातीत मासी म्हणजे मावशी, त्यामुळे भावात थोडी माया येते.) बोंबील गुलाबीसर, पारदर्शक हवा. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. मग आदल्या दिवशी बोलून ठेवलेल्या हॉटेलात किंवा गेस्ट हाउसच्या स्वयंपाकघरात द्या. करणावळ वेगळी घेतात, ती आधी ठरवा आणि तीन शब्द पाठ करून जा: मीठ, हळद, लिंबू. चौथा शब्द 'तवा'. मी बॅगेत वाटीभर तांदळाचं पीठ आणि कोकमाच्या आगळाची छोटी बाटली नेते. हसू नका. ऊन्याचा नारळ आणि घरचं आगळ, दुपारी दोन वाजता सोलकढी तयार. तिथल्या आचाऱ्यालाही आता जमते, फक्त तो तीत साखर घालायला बघतो, हात धरावा लागतो.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ताजी मासळी म्हणून जे पुढे येईल ते बर्फातलं, हे समजून खा किंवा सोडून द्या.

त्या जेठीबाईंची कथा बाजारात उभं राहून ऐकण्यासारखी आहे. ही बाई दीवला कापड छपाईचा कारखाना चालवायची. अनाथ मुलांना पकडून धर्मांतर करायचं आणि त्यांची मालमत्ता सरकारजमा करायची, असा पोर्तुगीजांचा कायदा होता. जेठीबाईंनी म्हणे कारखान्यातल्या पोरक्या मुलांची लग्नं लावून त्यांना त्या कायद्यातून सोडवलं, आणि गाऱ्हाणं ओढणीवर उमटवून थेट पोर्तुगालच्या राणीकडे पाठवलं. कायदा रद्द झाला, असं सांगतात. बस स्टँडला अशा बाईचं नाव देणारं गाव मला आवडतं.

शाकाहारी माणसांची दीवमध्ये उपासमार होते हा गैरसमज आहे, कारण भोवती काठियावाड आहे. बाजरीचा रोटलो, रिंगणाचा ओळो म्हणजे आपलं वांग्याचं भरीत, सेव-टामेटां, लसणिया बटाका, गूळ-तूप, आणि ग्लासभर नव्हे, तांब्याभर छाश. हिवाळ्यात ओल्या लसणाचा ओळो मिळाला तर नवरा एक अक्षर न बोलता जेवतो. हा त्याचा सर्वोच्च अभिप्राय. सासूबाईंसाठी "जैन मळशे?" एवढं विचारलं की कांदा-लसूण नसलेलं बिनबोभाट येतं. आमचा तह असा: दुपार माझी, रात्र त्यांची. दुपारी ते दोघे थाळी खाऊन खोलीत वामकुक्षी करतात आणि मी माझ्या पापलेटाकडे जाते. रात्री सगळे एका टेबलावर शाकाहारी. एक लक्षात ठेवा, शाकाहारी भोजनालयात माशाचं पार्सल पिशवीतूनही नेऊ नका. मी एकदा नेलं होतं. मालक काही बोलला नाही, पण पुन्हा तिथे जायला मलाच तोंड राहिलं नाही.

बघायचं काय? किल्ला, अर्थातच, आणि उघडल्या उघडल्या. दगड अकरानंतर तापतो आणि आत सावली फार नाही. पाणी, टोपी, बूट. १५०९मध्ये याच समुद्रात पोर्तुगीजांनी गुजरात आणि इजिप्तच्या आरमाराला हरवलं. पण दीव त्यांना मिळालं ते १५३५ला, हुमायून मागे लागला म्हणून गुजरातच्या बहादूरशहाने त्यांची मदत मागितली तेव्हा. दोन वर्षांनी तोच बहादूरशहा पोर्तुगीजांशी बोलणी करून परतताना इथल्याच पाण्यात मारला गेला. १५३८ आणि १५४६ला किल्ल्याला मोठे वेढे पडले. दुसऱ्या वेढ्यानंतर किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते, तेव्हा गव्हर्नर जुआंव द कास्त्रोने गोव्याच्या लोकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. नवरा बँकेत होता. तो म्हणतो, त्याच्या शाखेत हे तारण चाललं नसतं. तटावरच्या तोफा, जमिनीच्या बाजूचा खडक फोडून काढलेला खंदक, दीपस्तंभ, आणि पाणीकोठ्याकडे तोंड करून असलेला बुरूज, एवढं केलंत तरी दीड तास जातो.

किल्ल्यातून बाहेर पडून फिरंगीवाड्यातून सावकाश चाला. सेंट पॉल चर्चचं काम १६१०मध्ये पुरं झालं. बाहेरून पांढरंशुभ्र, आत काळपट लाकडाची कोरीव वेदी. सेंट थॉमस चर्चमध्ये संग्रहालय आहे, सेंट फ्रान्सिसमध्ये इस्पितळ. गल्लीतली रंगीत घरं बघा, पण कुलपंही बघा. दीवचे व्यापारी पूर्वी मोझांबिकला गेले, पुढे लोक लिस्बनला आणि आता इंग्लंडात लेस्टरकडे. दारावरची वेल जिवंत असेल तर कोणी शेजारी पाणी घालतो असं समजायचं. गावाच्या पश्चिमेचा झांपा दरवाजा लाल रंगवलेला आहे, त्यावर सिंह आणि देवदूत कोरलेत.

नायडा गुंफा सकाळी दहा-साडेदहाला. गुंफा म्हटलं तरी ही तटबंदीला दगड काढता काढता उरलेली खाण आहे. भिंतींवर छिन्नीच्या खुणा दिसतात, वरून मुळं लोंबतात आणि छताच्या भोकांतून ऊन उभ्या खांबासारखं उतरतं. दुपारी चारला गेलात तर काळोख आणि डास.

जवळच्या जालंधर किनाऱ्यापाशी टेकडीवर जालंधर दैत्याचं ठाणं आहे. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांनी हात जोडायला नकार दिला. मग म्हणाल्या, "वृंदेचा नवरा ना, म्हणजे तुळशीचा. जाऊ दे, जावईच तो," आणि जोडले. पुढे चक्रतीर्थाच्या बाजूला खुकरी स्मारक आहे. ९ डिसेंबर १९७१ला 'आयएनएस खुकरी' दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच राहिले. लोक इथे सूर्यास्ताला येतात. मीही तेव्हाच जाते, पण सेल्फीवाले पांगेपर्यंत थांबते.

फुदमचं गंगेश्वर मात्र घड्याळ बघून नाही, समुद्र बघून करायचं. खडकाच्या कपारीत पाच शिवलिंगं, पांडवांनी स्थापल्याची श्रद्धा, आणि लाटा आपणहून अभिषेक करतात. पूर्ण ओहोटीला गेलात तर नुसते ओले खडक, पूर्ण भरतीला लिंगं पाण्याखाली. भरती चढत असताना, अधली-मधली वेळ साधा. आदल्या रात्री खोलीवाल्याला विचारून ठेवायचं, "काले भरती केटला वागे?" पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपला हातात आणि दुसरा हात कठड्यावर.

नागोआला सकाळी गेलात की झाडांकडे बघा. फांद्या फुटलेला माड! याला इथे 'होका' म्हणतात, आपल्या अलिबागकडे रावणताड. तांबूस फळं बाजारात मिळतात. गर कमी, धागे जास्त, चघळत राहायचं. त्याच बाजूला शंखशिंपल्यांचं संग्रहालय आहे, एका निवृत्त कप्तानाने आयुष्यभर जमवलेलं. मुलांना तिथे भिंगातून शिंपले बघायला मजा येते.

आता शनिवारच्या रांगेबद्दल. गुजरातेत दारूबंदी, दीवमध्ये नाही. इतकं साधं आहे ते. प्यायची असेल तर बेटावर प्या, नीट बसून, जेवून. पण पुलापलीकडे एक थेंबही नेऊ नका, सीलबंद भेट म्हणूनही नाही. ताडला आणि घोघल्याच्या बाजूला नाके आहेत, गाड्या तपासतात. माझ्या भाच्याच्या बॅगेत कपड्यांत विसरलेली अर्धी बाटली निघाली, आणि वेरावळची गाडी चुकून आम्हाला रात्र ऊन्यात काढावी लागली. तेव्हापासून निघण्याच्या दिवशी सर्वांच्या बॅगा मी स्वतः रिकाम्या करून भरते.

शेवटचा दिवस वणाकबाऱ्याचा. बेटाचं पश्चिम टोक, खारव्यांचं गाव. भाड्याची स्कूटर घेतली तर लायसन्स जवळ ठेवा. रस्ता सपाट आणि रिकामा आहे. तिथे बघायला 'पॉइंट' काही नाही. लाकडी बोटी बांधायचं काम चालू असतं, जाळी दुरुस्त होत असतात, दोरीवर बोंबील वाळत असतात. एका खेपेला जाळी विणणाऱ्या मासीने घरी नेऊन रोटलो आणि बोंबलाचं लसूण-मिरचीचं कालवण वाढलं. सबंध दीवमध्ये मी खाल्लेलं सर्वांत चांगलं जेवण ते, आणि ते कुठल्याही मेनूकार्डावर नाही. तुम्हालाही मिळेलच असं नाही. पण घाई न करता बसलात, जाळ्याचं टोक धरायला हात लावलात, तर निदान चहा नक्की.

सोडे तिथून घ्या. सीकेपी माणसाला हे वेगळं सांगायला नको, इतरांसाठी: सोललेली सुकी कोळंबी, वांगं-बटाट्यात किंवा खिचडीत. दाताने एक तुकडा तोडून बघा, फार खारट नको, वाकवला तर मऊ लागायला नको. मऊ म्हणजे वाळवण कच्चं, आठवड्यात बुरशी. बांधायची पद्धत माझी ठरलेली आहे. आधी वर्तमानपत्र, मग जाड प्लास्टिकची पिशवी, मग झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा, आणि डबा माझ्याच कपड्यांत, नवऱ्याच्या नाही. मागच्या खेपेला नाक्यावरच्या शिपायाने नेमका तोच डबा उघडायला लावला. मी झाकण काढलं. त्याने मान झटकन मागे घेतली, नाकाशी रुमाल धरला आणि म्हणाला, "जावो, बेन, जावो."